विहिरीवरची भरड

"विहिरीत?" तिने विचारलं. मुसळ तसंच वर राहिलं. "आपल्या विहिरीत?"

"मग कुठे ठेवू त्यांना, रांजणात?" नवरा म्हणाला. बोलणं तिखट होतं, पण आवाज फाटलेला. त्याच्यामागे परसदारात दोन माणसं उभी होती. एक उंच, एक ठेंगणा. ठेंगण्याने भिंत धरली होती आणि तो तोंड उघडं टाकून श्वास घेत होता.

हे कोण, ते तिला विचारावं लागलं नाही. तीन दिवसांपूर्वी थोरला राजा याच गावातून पळून गेला होता. अनवाणी, डोकं झाकून, रडत. शहरात त्याच्या सख्ख्या मुलाने गादी बळकावली होती. गावाला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं, कारण थोरल्याच्या आधीचा राजा या गावाच्या भाऊबंदांतला होता. दोन घरं सोडून राहणाऱ्या एका माणसाने तर टेकाडावरून राजाला दगड मारले, आईबापावरून शिव्या दिल्या. तेव्हापासून गाव त्याला दगड्या म्हणायला लागलं. त्याला ते आवडलंसुद्धा होतं.

आणि तिचा नवरा सात वर्षं थोरल्याच्या सैन्यात होता. एक पाय तिकडेच अधू करून आला होता. गाव ते विसरलं नव्हतं. हे दोघं थोरल्याचे निरोपे, आणि गावात लपायला त्यांना दुसरं घरच नव्हतं.

"निरोप काय आहे?" तिने उंचाला विचारलं.

"थोरल्याला सांगायचंय, आज अंधार पडायच्या आत लोकांना घेऊन नदी ओलांडा. एवढाच. इकडे राहिले तर उद्या सकाळी एकही माणूस उरत नाही, वहिनी. बायकापोरं आहेत त्यांच्यात."

"आणि तुमच्या मागे?"

"पाच शिपाई. वाटेत कोणीतरी आम्हाला बघितलं."

"इथे शिरतानाही बघितलं?"

उंचाने वळून परसाच्या वाटेकडे बघितलं. म्हणजे बघितलं असणार.

विहीर अंगणात, जमिनीला सपाट. शेळ्या पडू नयेत म्हणून तोंडावर चार फळ्या टाकायची पद्धत. नवऱ्याने फळ्या सरकवल्या. आत खोबणी होत्या, दोघं त्यात पाय देत उतरले. ठेंगण्याला पाणी गळ्यापर्यंत आलं. तो वर बघून म्हणाला, "फार गार आहे." उंचाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

फळ्या परत टाकताना नवऱ्याच्या हातून एक फळी आत पडता पडता वाचली. तिने ती धरली.

"तुम्ही शेतावर जा," ती म्हणाली.

"तुला एकटीला टाकून?"

"अहो, तोंड बघा स्वतःचं. तुम्हाला कोणी विचारायचीसुद्धा गरज नाही, बघितलं तरी कळतंय. जा. आणि पळू नका, रोजच्यासारखे लंगडत जा."

तो गेला. तिला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हाक मारून परत बोलवावं.

अंगणात ती एकटी उरली. सासू आत झोपलेली. दुपारी तिला झोप लागत असे आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. उठवून सांगायला हवं होतं. पण म्हातारी लगेच ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. दहा प्रश्न विचारले असते, तेही मोठ्याने. असू दे झोपलेली, असं तिला वाटलं. चुकलं ते इथे.

फळ्या उघड्या दिसत होत्या. फळ्या म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे कोणीही वाकून बघणार. तिने मोठी चटई ओढून वर घातली. आता चटईवर काय? चुलीवरच्या हंड्यात नुकते उकडलेले गहू होते. तिचं कामच ते. गावच्या बायका गहू आणून द्यायच्या. ती ते उकडून वाळवायची, उखळात सडायची, भरडायची, आणि सहावा हिस्सा ठेवून घ्यायची. तिने उकडलेल्या गव्हाची पाटी भरली, उचलली, आणि चटईपाशी येऊन थांबली.

ओले गहू. वाफ निघतेय. हे पसरले तर कोणीही हात लावून सांगेल की बाईने आत्ता पसरलेत.

पाटी तिने खाली ठेवली. कोपऱ्यात तयार भरडीची गोणी होती, दोन दिवसांपूर्वीची, खडखडीत वाळलेली. ती पसरली तर सकाळपासून उन्हात आहे असंच वाटेल. खरं तर तयार भरड कोणी परत उन्हात घालत नाही. वाऱ्याने उडते, चिमण्या खातात. पण हे बायकांना कळतं. शिपायांना काय कळतंय?

गोणी दगड्याच्या घरची होती.

ती क्षणभर थांबली. मग ओतली. हाताने भराभर पसरली, बोटांनी रेघा ओढल्या, रोज ओढतो तशा. बादली आणि दोर चुलीमागच्या लाकडांत खुपसला. आणि तेवढ्यात खालून खोकला आला. ठेंगण्याचा. एकदा, मग दाबून परत एकदा.

तिने मुसळ उचललं आणि सडायला लागली. उखळात गहू होते की नव्हते हेही तिने बघितलं नाही. धप, धप, धप. गल्लीतून पावलं ऐकू येईपर्यंत ती थांबली नाही, आणि आल्यावर तर मुळीच नाही.

शिपाई आत आले तेव्हा दगड्या पुढे होता.

"हेच घर," तो म्हणाला. "नवरा थोरल्याचा माणूस."

म्होरक्या वयाने फार मोठा नव्हता. उन्हाने सोललेलं नाक, कमरेला तलवार. त्याने काही न बोलता बोटाने दाखवलं आणि चौघं घरात, कोठीत, परसात घुसले. भांडी पडल्याचा आवाज आला.

"बाई, ते थांबव."

"माझं काम आहे दादा, हात थांबला की गहू गार पडतात," ती म्हणाली. पण थांबली. कान विहिरीकडे. खाली सगळं शांत.

"दोन माणसं आली होती इथे."

"आली होती." नाही म्हणायचं नाही हे तिने सडतानाच ठरवलं होतं. बघणाऱ्याने बघितलंच होतं. "परसातून शिरली. पाणी मागितलं. मी म्हटलं पाणी नाही, बाहेर व्हा. घरात बाईमाणूस एकटं, तुम्ही असे घुसता कसे?"

"मग?"

"ओढा ओलांडून गेली. त्या वरच्या वाटेने."

म्होरक्याने घाम पुसला. "पाणी तर आम्हालाही हवंय. विहीर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की," दगड्या म्हणाला. "ही काय, चटईखाली."

सगळ्यांनी चटईकडे बघितलं. तिने मुसळावर भार टाकला.

"बंद केलीय," ती म्हणाली. "कुत्रं पडून मेलं. सडलंय आत. आठ दिवस झाले, आम्ही ओढ्याचं पाणी पितो. म्हटलं जागा नुसतीच पडलीय, वाळवण तरी घालू."

"आठ दिवस? मला कसं कळलं नाही?" दगड्या म्हणाला.

"मेलेल्या कुत्र्याची दवंडी पिटायची का, भावजी?"

आतून रिकाम्या हाताने परतलेला एक शिपाई हसला. म्होरक्या हसला नाही. तो चटईपाशी आला, उकिडवा बसला आणि मूठभर भरड उचलून बोटांतून खाली सोडली. कोरडी. करकरीत. त्याने वर उन्हाकडे बघितलं, परत भरडीकडे बघितलं. तो काय हिशेब करतोय ते तिला कळत होतं. हे सकाळपासून इथे आहे, आणि ते दोघं तर मघाशी आलेत.

तो उठला आणि फळ्यांचा अंदाज घ्यायला एक पाय चटईवर ठेवायला गेला.

"अहो, पाय नका ठेवू," दगड्या म्हणाला. "ती आमच्या घरची भरड आहे. गोणीवर खूण आहे बघा. बायको जीव घेईल माझा."

म्होरक्याने पाय मागे घेतला. झालं होतं. खरंच झालं होतं. रांजणात तळाला होतं तेवढं पाणी ती वाटीवाटीने त्यांना देणार आणि ते जाणार.

तेवढ्यात दारात सासू आली. झोपेतून उठलेली, केस नीट बसवलेले. त्या वयातही म्हातारी केस विंचरल्याशिवाय उंबऱ्यावर येत नसे.

"कोण म्हणतं विहिरीत कुत्रं पडलं?" ती म्हणाली. "सकाळी तर मी पाणी प्यायले तिचं. सूनबाई, काय बोलतेयस?"

कोणी हललं नाही. परसातला शिपाईही थांबला.

म्होरक्या सावकाश वळला. "सकाळी उघडी होती विहीर?"

"त्यांचं काही धरू नका," सून म्हणाली. तोंडातून निघालं ते निघालं, विचार नंतर आला. "त्यांना समजत नाही. वय झालंय. काल काय, आज काय, काही राहत नाही डोक्यात."

"हिच्या?" दगड्या म्हणाला. "अगं, अख्ख्या गावाचे बांध हिच्या डोक्यात आहेत. माझा जन्म कुठल्या साली ते माझ्या आईला आठवत नव्हतं, हिने सांगितलं. परवा माझ्याशी तासभर बोलत होती."

"येतं-जातं तसं, भावजी. परवा बरं होतं."

सासू तिच्याकडे बघत होती. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, पण सासूने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. चार माणसांत, परक्यांसमोर, सुनेने आपल्याला बिनडोक म्हटलं. तिचे ओठ आवळले गेले. आता ती बोलणार. आता ती एकेक करून सगळं सांगणार, कुठल्या दिवशी विहीर उपसली, कोणी उपसली, किती हात खोल पाणी आहे.

म्होरक्या तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. दगड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, हा कोण?"

सासूने दगड्याकडे बघितलं. मग भरडीकडे. तिनेही चाळीस वर्षं हेच काम केलं होतं. तयार भरड, उन्हात, विहिरीवर. नजर तिथे थोडी जास्त रेंगाळली, एवढंच. मग ती सुनेच्या हाताकडे गेली. मुसळावरची बोटं पांढरी पडली होती.

"आजी, मी विचारतोय. हा कोण?"

म्हातारीचा चेहरा सैल पडला. कसा, ते सुनेला पुढे कधी सांगता आलं नाही. जणू आतून कोणीतरी दोरी सोडली. तिने म्होरक्याच्या सोललेल्या नाकाला बोट लावलं.

"आलास?" ती म्हणाली. "किती उन्हात फिरतोस. जेवलास का? तुझे बाबा कधीचे बोलवतायत."

म्होरक्या अवघडला. "आजी, मी..."

"खोटं नको बोलूस. जेवला नाहीस." आणि ती तशीच उभी असताना तिच्या पायांखाली ओल पसरायला लागली. उंबऱ्यावरून खाली, पायरीवर. ती खाली बघतही नव्हती. हसत होती.

दगड्याने तोंड फिरवलं. म्होरक्या दोन पावलं मागे आला आणि आपल्या वहाणा बघितल्या.

"राहू दे पाणी," तो म्हणाला. "चला. ओढ्याकडे."

गेले. दगड्या मागे राहिला, भरडीकडे बघत. "आत घे लवकर," तो हळूच म्हणाला. "चिमण्या खातील." मग जरा थांबून, "कळलं नाही गं आम्हाला, म्हातारीचं." आणि तोही गेला.

ती सासूकडे धावली. सासूने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

"किती आहेत आत?"

"दोघं."

"जिवंत आहेत का?"

तिने चटईला कान लावला. खालून दातांवर दात आपटल्याचा आवाज येत होता. "आहेत."

"मग उघडू नको. हे लोक याच वाटेने परत जाणार. ते गेल्यावर बघ."

"आत्याबाई, मला तुम्हाला उठवायला हवं होतं. मी..."

"हवं होतं," सासू म्हणाली. आत गेली, दार लावलं, आणि रांजणाच्या तळच्या पाण्यात स्वतःला जमेल तसं पुसून कपडे बदलून आली. जुने कपडे तिने सुनेच्या हातात दिले. "धुऊ नको आज. पुढच्या भिंतीवर टाक. लोकांना दिसू दे."

ते मुद्दाम होतं की भीतीने झालं, हे सुनेने तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही. म्हातारीने सांगितलं नाही.

शिपाई परत यायला बराच वेळ लागला. सावली भिंतीवरून खाली उतरली, अंगणात आली, चटईच्या काठाला लागली, आणि दोघी उखळापाशी बसून सडत राहिल्या, आलटून पालटून. सूर्य खाली जाईल तसा तिच्या मनात नदीचा काठ येत होता आणि तिथे बसलेली ती न बघितलेली बायकापोरं. उघडावं का? उघडलं आणि वाटेवर कोणी असलं तर? मधेच खालचा आवाज बंद झाला. तिने सासूकडे बघितलं. सासूने मान हलवली. नाही. थांब.

शेवटी ते गेले, थकलेले, गल्लीतून, आत न डोकावता. शंभर श्वास मोजून तिने भरड सुपात भरली, चटई काढली, फळी सरकवली.

उंचाने ठेंगण्याला पाठीवर घेतलं होतं. त्याला बाहेर काढायला दोघींनी दोर ओढला. त्याचे ओठ निळे होते आणि बोटं उघडत नव्हती. सासूने आतून घोंगडी आणून त्याच्यावर टाकली, छाती चोळली. तो उभा राहिला तसा उंच म्हणाला, "निघतो, वहिनी." आणि निघाले. अजून ऊन होतं. थोडंच, पण होतं.

नाव विचारायला त्यांना वेळ नव्हता. पुढे राजाच्या कारकुनाने ही सगळी धावपळ लिहून काढली. त्यात विहीर आहे, वर पसरलेलं धान्य आहे, एक बाई आहे. म्हातारी नाही.

नदी ते लोक ओलांडून गेले, हे गावाला चार दिवसांनी कळलं. मग लढाई झाली, मुलगा मेला, थोरला परत आला. दगड्या सगळ्यांच्या आधी नदीवर धावला आणि त्याच्या पायावर पडला. राजाने त्याला माफ केलं. गावात परत आला तेव्हा आधीपेक्षा मोठा माणूस होऊन आला.

"आता सांगायला काय हरकत आहे?" नवरा म्हणाला. "आपण उपकार केलेत राजावर."

"कोणाला सांगतोस?" सासू म्हणाली. "राजा तिकडे शहरात. दगड्या दोन घरं सोडून. त्याच्या भरडीखाली लपवलं होतं, हे त्याला सांगणार आहेस का? आणि उद्या अजून कोणी गादीवर बसला तर?"

विहिरीवर ओलसर झालेली भरड त्यांनी घरीच खाल्ली आणि दगड्याच्या गोणीत स्वतःच्या हिश्श्याची भरली. महिनाभर ती ओढ्यावरून पाणी आणत राहिली. प्रत्येक फेरीला वाटायचं, कोणीतरी विचारणार, कुत्रं कोणाचं होतं गं? कोणी विचारलं नाही. महिन्याने विहीर उपसली, आणि घरची माणसं परत तिचं पाणी प्यायला लागली.

म्हातारी उपसता येत नव्हती. एकदा बिघडलेलं डोकं परत बरं झालं, तर त्या दिवशी ते बिघडलं होतं का, असा प्रश्न येणारच होता. म्हणून लोक आले की ती कधी कोणाला भलत्याच नावाने हाक मारायची, कधी नुसती हसायची. केस मात्र विंचरायची. मग एके दिवशी सुनेने बघितलं की तेही सोडलंय.

पेरणीच्या आधी एक विधवा आली, गावाच्या खालच्या टोकाची. दिराने तिचा शेताचा पट्टा ओढून घेतला होता. पंचांनी विचारलं होतं, बांध कुठे होता याला साक्षीदार कोण? जुनी माणसं सगळी गेलेली. उरलेली एकच.

ती सासूपुढे जमिनीवर बसली. "आत्या, आठवा ना. तुम्ही होता तेव्हा. काळ्या दगडापासून किती? नुसतं एकदा म्हणा, मी पंचांना इथे घेऊन येते."

सून चुलीपाशी उभी होती. दगड्या पंचांत होता. तिने काही म्हटलं नाही. मान हलवली नाही, डोळ्याने खुणावलं नाही. तिला नंतर वाटलं की खुणावलं असतं तर निदान तेवढं तरी आपल्या माथ्यावर आलं असतं.

सासूने विधवेकडे बघितलं. मग म्हणाली, "बाळा, तुझी आई कुठे आहे? एकटीच खेळतेयस?"

विधवा रडली नाही. तिने नुसतं ओळखल्यासारखी मान हलवली. उठता उठता थांबली, वाकली, आणि आपल्या पदराने म्हातारीच्या ओठांची कड पुसली, लहान मुलाची पुसतात तशी. तिथे काही लागलेलं नव्हतं. म्हातारीने तोंड पुढे केलं आणि पुसू दिलं.

विधवा फाटकातून बाहेर पडली.

"एकवीस पावलं," सासू म्हणाली. "तिच्या सासऱ्याने मोजली तेव्हा मी तिथे उभी होते."

सुनेने पुढे होऊन दार लोटून घेतलं.